जिभेखालचं मौन

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, रोज सकाळी नऊच्या सुमाराला पंधरा-वीस माणसं एकत्र गप्प बसतात. खाली शिकवणी वर्ग आहे. तिथून रसायनशास्त्राची सूत्रं एका सुरात जिना चढून वर येतात, रस्त्यावर रिक्षा खोकत असतात, आणि वरच्या खोलीत भिंतीलगतच्या बाकांवर ही माणसं ओठ मिटून, मान किंचित खाली घालून बसलेली असतात. प्रत्येकाच्या जिभेखाली एक लहानशी गोळी विरघळत असते. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. सात मिनिटं. मग परिचारिका स्वप्नाली एकेकाला तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला सांगते, आणि वहीत खूण करते.

सुईतून नशा करणाऱ्या माणसाच्या रक्ताला जी भूक लागलेली असते, ती ही गोळी भागवते. पण त्याला खोल डोहात उतरू देत नाही, काठावरच बसवून ठेवते. याच खोलीच्या शेजारी दोन कपाटं आहेत. एकात एचआयव्हीच्या गोळ्या, दुसऱ्यात हिपॅटायटिस सीच्या. सुईनं जे एकाच देहात एकत्र आणलं, ते वेगवेगळ्या दवाखान्यांच्या रांगांत वाटून टाकलं तर माणूस कुठल्या तरी एका रांगेत हरवतोच, हे केंद्र सुरू करणाऱ्यांना अनुभवानं कळलेलं होतं.

नव्यानं येणाऱ्याला या मौनाची दीक्षा द्यायचं काम कृष्णातचं. बेचाळीस वर्षांचा, एका शाळकरी लेकीचा बाप, अंगानं वाळलेला, डाव्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या कडक झालेल्या. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर ‘साथी कार्यकर्ता’ असं लिहिलेलं असे. तो नव्या माणसाशेजारी बसून सांगे, "गोळी लाजरी हाय बघ. तोंड उघडलंस की काम टाकून पळून जाती." माणूस हसे, आणि हसण्यासाठी उघडू पाहणारे ओठ घाईनं मिटून घेई.

कृष्णातची स्वतःची गोळी मात्र कुणी पाहत नसे. केंद्र उघडण्याआधी, साडेआठला, औषधांच्या खोलीत स्वप्नाली ती त्याच्या तळहातावर ठेवी. आठ वर्षं झाली होती. त्याच्या यकृतातला विषाणू चार वर्षांपूर्वी चौऱ्याऐंशी दिवसांच्या औषधानं गेला होता. रक्तातला दुसरा कायमच्या मुक्कामाला आला होता, पण रोजच्या एका गोळीनं निजवून ठेवलेला. त्या दोन गोष्टी तो कुणालाही सांगे. जिभेखालच्या गोळीबद्दल मात्र तो बोलत नसे. त्यानं सगळं सोडलं आहे अशी एक समजूत त्याच्याभोवती आपोआप वाढत गेली होती, आणि त्यानं ती कापून टाकली नव्हती. स्वप्नाली कधीकधी म्हणे, बाहेर सगळ्यांच्यात बसून घ्या की, तुम्हाला बघून पोरं टिकतील. तो म्हणे, बघू. त्या ‘बघू’लाही आता आठ वर्षं होत आली होती.

केंद्रात येणाऱ्यांपैकी हे एकट्या सम्मेदला ठाऊक होतं. एकदा तो वेळेआधी आला आणि दार अर्धवट उघडं होतं. त्यानं पाहिलं, आणि काहीच न बोलता बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

सम्मेद अठ्ठावीस वर्षांचा. कुरुंदवाडचा. वडील शांतिनाथ यांचं तिथं खताचं दुकान, नदीकाठाला मळीची जमीन. पदविका घ्यायला तो कोल्हापुरात आला आणि एका व्यायामशाळेत जाऊ लागला. तिथं दम वाढवायचं इंजेक्शन मिळे. चौघांत एक सुई फिरे, जशी एखाद्या घरात एकच कंगवा फिरतो. मग खांदा निखळला, दुखणं थांबवणारं इंजेक्शन आलं, आणि ते दुखणं थांबल्यावरही थांबलं नाही. चार वर्षांनी कृष्णातनं त्याला रंकाळ्याच्या काठावरून उठवून केंद्रात आणलं, तेव्हा रक्ताच्या तपासणीत दोन्ही विषाणू निघाले. घरी त्यानं एवढंच सांगितलं की काविळीचे उपचार चालू आहेत, आणि नशा सोडवायला एका संस्थेत जातो.

पण तो टिकला. सहा महिने रोज जिना चढला. हिपॅटायटिसच्या चौऱ्याऐंशी दिवसांतले त्रेपन्न पुरे झाले, आणि त्याच्या गालांवर पुन्हा माणसाचा रंग दिसू लागला. कृष्णातनं कॅलेंडरवर चौऱ्याऐंशीव्या दिवसाभोवती लाल वर्तुळ काढून ठेवलं होतं. स्वतःच्या वेळीही त्यानं एवढ्या आतुरतेनं दिवस मोजले नव्हते.

गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सम्मेदनं सुट्टी मागितली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व बसत होतं. त्या वर्षी कुरुंदवाडात एका दिगंबर मुनींचा चातुर्मास होता, आणि त्यांच्या आहारासाठी सम्मेदच्या घरी सोवळ्यातलं स्वयंपाकघर, म्हणजे चौका, लागणार होता. आई सीताबाईंनी निरोप धाडला होता की पोरगं दारात उभं पाहिजे. चार वर्षांत घरानं त्याला कशालाच उभं केलं नव्हतं.

डॉक्टर कचरले. दहा दिवसांच्या गोळ्या एकदम हातात द्यायच्या म्हणजे विश्वासाचा प्रश्न होता. कृष्णातनं सांगितलं, माझ्या जबाबदारीवर द्या. स्वप्नालीनं जिभेखालच्या दहा गोळ्या पाकिटात घालून प्रत्येकीवर तारीख लिहिली. बाकीच्या दोन औषधांच्या डब्या वेगळ्या दिल्या. सम्मेदनं ते सगळं एका स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि तो चतुर्थीच्या दुपारी, ढोलांच्या गजरातून वाट काढत, एसटीकडे गेला.

पहिले तीन दिवस त्याचा फोन आला. घेतली, किस्नादा, एवढंच तो बोले. चौथ्या दिवशी आला नाही. पाचव्या दिवशी घंटी वाजत राहिली. सहाव्या दिवशी सीताबाईंनी फोन उचलला आणि हळू आवाजात सांगितलं की पोरगं निजलंय, अंगात बारीक कसर आहे. कृष्णातला ती कसर ओळखीची होती. सातव्या दिवशी, एकादशीला, त्यानं मोटारसायकल काढली.

नृसिंहवाडीचा पूल ओलांडताना खाली दोन नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळत होतं. एक किंचित तांबूस, दुसरं काळपट, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोघी शेजारी शेजारी वाहूनही आपापला रंग धरून होत्या. त्याच्या मनात आलं, देहाचंही असंच असतं. बरं होणं आणि आजारी असणं एकाच पात्रातून पुष्कळ वेळ सोबत वाहत राहतं.

घर स्लॅबचं, नीटनेटकं. अंगणात चौक्याची भांडी उन्हात पालथी घातलेली. सम्मेद बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याच्या हातांवर काटा उभा होता, नाक वाहत होतं, आणि पाय आपल्याच इच्छेनं झटके देत होते. सीताबाई ते पाय दाबत बसल्या होत्या. कृष्णातला पाहून त्या उठल्या, पाणी आणते म्हणाल्या, आणि आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या की नशा उतरायलीय, तप हाय हे त्येचं.

मग सम्मेदनं सांगितलं, थांबत थांबत, जांभयांनी तुटणाऱ्या वाक्यांत.

अष्टमीला महाराज गल्लीत आले. आहाराला निघालेले मुनी बोलत नाहीत. कुणाच्या दारी थांबायचं हे त्यांनी मनाशी धरलेल्या संकल्पावर असतं. ज्या घराला आहार द्यायचा असेल त्यानं दारात उभं राहून त्यांना हाक घालायची आणि ग्वाही द्यायची, की मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. मग ते आत येतात. आई हातात कलश घेऊन, वडील नारळ घेऊन, मध्ये तो, धुतलेल्या ओल्या धोतरात. महाराज दाराशी थबकले. तिघांनी एका स्वरात म्हणायला सुरुवात केली.

"मनशुद्धी म्हटलं. वचनशुद्धी म्हटलं," सम्मेद म्हणाला. "फुडं जीभच उचलंना, किस्नादा. काया शुद्ध कशी म्हणू? आण्णांनी बघितलं माझ्याकडं. आन् माझ्या वाटचं त्येनी मोठ्यानं म्हटलं."

कृष्णात म्हणाला की रोगानं काया अशुद्ध होत नसते. सम्मेदनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं. 

महाराज आत आले. आहार देण्याआधी घरातल्या प्रत्येकानं काहीतरी त्यागाचा नेम घ्यायचा असतो. महाराजांबरोबर आलेल्या ब्रह्मचाऱ्यानं सीताबाईंना विचारलं, त्यांनी वर्षभर गूळ सोडला. मग सम्मेदला विचारलं. त्यानं तोंड उघडायच्या आत शांतिनाथ म्हणाले की ह्यानं नशा सोडली. आणि तेवढ्यावर न थांबता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, की जिभेखाली ठेवायची जी गोळी हाय तीबी आजपासून सोडली, तीबी एक नशाच. ब्रह्मचाऱ्याला गोळी कसली ते ठाऊक नव्हतं. त्यानं मान डोलावली. महाराज मौनात होते. सम्मेदनं हात जोडले, आणि पहिला घास मुनींच्या ओंजळीत त्यानं ठेवला.

"त्येंच्या ओंजळीत माझा हात," आई आत गेली होती त्या दाराकडे बघत तो म्हणाला. "चार वर्सं आव्वा माझं ताट येगळं घासत हुती."

कृष्णातनं त्याला समजावलं. ती नशा नाही, औषध आहे. डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, महिन्यांनी कमी करायची असते, एका घोषणेनं नाही. त्यानं पाकिटातली गोळी काढून पुढे धरली. सम्मेदनं त्याचा हात अलगद बाजूला केला. हा नेम आपल्यावर कुणी लादला असं तो म्हणाला नाही. उलट, आण्णांनी पहिल्यांदा गल्लीत माझं नाव घेतलं, असं म्हणाला. बाकीच्या दोन्ही गोळ्याही त्यानं चार दिवस घेतल्या नव्हत्या. एकाच डब्यातल्या सगळ्या सारख्याच, असं घरानं धरलं होतं.

शांतिनाथ दुकानातून आले ते पाच वाजता. उंच, कोरीव बांध्याचे, बोलण्यात करडे. कृष्णातची ओळख होताच त्यांनी जेवूनच जायचं म्हणून बजावलं; सूर्य मावळायच्या आत आमच्यात जेवण उरकतं, म्हणाले, उशीर होणार नाही. सीताबाईंनी स्वतःच्या घरातलं, पितळेचं, लखलखीत घासलेलं ताट मांडलं. भात, मुगाची आमटी, तूप. कृष्णातला आपल्या आयुष्यातली ताटं आठवली: कागदी, पत्र्याची, दाराबाहेर ठेवलेली. सख्ख्या भावानं त्याच्यासाठी अंगणात वेगळा ठेवलेला पेला आठवला. तो मांडी घालून बसला आणि त्यानं भात कालवायला घेतला.

दाराच्या चौकटीला टेकून सम्मेद घोंगडं पांघरून उभा होता.

"तुमीबी ह्यातनंच आलासा म्हणं," शांतिनाथ म्हणाले. "पोरगं सांगत हुतं. सगळं सोडलासा न्हवं?"

कृष्णातला आजवर अनेकांनी हे विचारलं होतं. त्यानं दर वेळी हसून विषय बदलला होता. पण इथं समोर ते ताट होतं, आणि त्या घराची आपल्यावर ठेवलेली स्वच्छ, अतिथीला शोभणारी नजर होती. खरं सांगितलं तर ही नजर कशी बदलेल, हे त्याला स्पष्ट दिसलं. आणि खरं सांगितलं तर या पोराचा जीव वाचेल, हे दिसायला एक क्षण उशीर झाला.

"व्हय आण्णा. सोडलं."

"सगळं?"

"सगळं."

"आयकलास न्हवं रं?" शांतिनाथ दाराकडे वळून म्हणाले. "आट वर्सं झाली म्हणं ह्यास्नी. मानसानं ठरीवलं की हुतंय."

 सम्मेदनं कृष्णातकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता. असता तर बरं झालं असतं. रस्त्यात सोबतीनं चालणारा माणूस अचानक एका वळणावर दुसरीकडे गेला की मागे राहिलेला ज्या शांतपणे पाहतो, तसं ते पाहणं होतं. त्याला एक माणूस माहीत होता जो गोळी घेऊन जगत होता, काम करत होता, लेकीला शाळेत सोडत होता. तो माणूस त्याच्या देखत, भाताचा घास हातात धरून, नाहीसा झाला.

निघताना सम्मेद मोटारसायकलपर्यंत आला. कृष्णात म्हणाला, तुझ्या आण्णांना मी आत जाऊन सगळं सांगतो.

"काय सांगशीला? आत्ताच तर सांगितलासा की."

कृष्णातनं किल्ली लावली आणि पुन्हा काढली. मग तो गोळीवरून मागे हटला आणि जे वाचवता येईल ते वाचवू लागला. दोन वचनं त्यानं मागितली. एक, यकृताची आणि रक्ताची, दोन्ही औषधं आज रात्रीपासून पुन्हा चालू करायची. सम्मेदनं मान हलवली. ती सोडायचा नेम आपण घेतलाच नव्हता, म्हणाला. दुसरं वचन कृष्णातला नीट मांडता येईना.

"हे बघ. दहा-पंधरा दिवस सुटलं की अंग नवं हुतंय. सुईचं जुनं माप त्याला पेलत न्हाय. कवा मन गेलंच, तर पयला मला फोन कर. काय वाट्टेल ते हूं दे, पयला फोन."

"नवं अंग," सम्मेद म्हणाला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला. "बरं हाय की."

पुढचे दिवस त्यानं काढले. चतुर्दशीला जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकाला उभा राहिल्याचा फोटो त्यानं पाठवला: डोळे खोल गेलेले, पण कपाळावर केशरी गंध, आणि शेजारी शांतिनाथ. स्वप्नालीनं फोटो पाहिला आणि पोरगं किती वाळलंय, असं म्हणून फोन परत दिला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी क्षमावाणी असते. जैन माणसं त्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकाकडे वर्षभरातल्या कळत-नकळत दुखावण्याची क्षमा मागतात. सकाळी नऊला सम्मेदचा फोन आला. "उत्तम क्षमा, किस्नादा," तो म्हणाला. "काय चुकलं-माकलं आसंल तर पोटात घाला." कृष्णातनं थट्टा केली, की आमच्यात ह्याला तीळगूळ लागतो, तुमचं फुकटात भागतं. सम्मेद हसला. दहाची एसटी आहे, म्हणाला. बारापर्यंत वर येतो. कृष्णातलाही क्षमा मागायची होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ते फोनवर नको, समोरासमोर म्हणू, असं त्याला वाटलं.

बारा वाजले, एक वाजला. केंद्राच्या जिन्याखाली हंबीररावांचा चहाचा गाडा असे. नंतर त्यांनीच सांगितलं. पोरगं सव्वाबाराला आलं. दोन चहा घेतले. अर्धा तास जिन्याकडं बघत उभं होतं. वर कोण कोण हाय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, किस्ना हाय की. बरं, म्हणालं, आन् गेलं.

त्या अर्ध्या तासात कृष्णात वरच्या खोलीत नव्या फलकाला खिळे ठोकत होता. वर येणं म्हणजे गोळी घेणं, आणि गोळी घेणं म्हणजे नेम मोडणं. आणि वर बसलेला माणूस तर आण्णांपुढे सगळं सोडलं म्हणालेला. खाली उभ्या असलेल्या पोराच्या आत भूक होती, आणि जिना चढण्याजोगी एकही पायरी आपण शिल्लक ठेवली नव्हती, हे कृष्णातला पुढे रोज, खिळ्यावर बसणाऱ्या घावासारखं, ऐकू येत राहिलं.

चार वाजता कुणीतरी धावत आलं. शाहूपुरीच्या मागे गुळाची एक बंद वखार होती; तिथं. कृष्णात आणि स्वप्नाली श्वास परत आणणारं इंजेक्शन घेऊन पोचले. ते द्यायला सुईची गरज होती, आणि शीर मिळाली नाही, तेव्हा मांडीत दिलं. देह गार होता. माप जुनंच घेतलं होतं. फोन खिशात होता. त्यावरून त्या दुपारी कुणालाही फोन गेला नव्हता.

कुरुंदवाडच्या घाटावर कृष्णात सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला. दुसऱ्या दिवशी साडेआठला स्वप्नालीनं नेहमीप्रमाणे औषधांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, तेव्हा तो म्हणाला की थांबा, नऊला घेतो. नऊ वाजता तो बाहेर आला, छातीवरच्या पट्टीसकट बाकावर बसला, आणि सगळ्यांच्या देखत त्यानं गोळी जिभेखाली ठेवली. कुणी काही बोललं नाही. बोलता येणारच नव्हतं. समोरच्या बाकावरचा एक तरुण मात्र त्याच्याकडे सात मिनिटं पाहत राहिला.

त्यानंतर तो रोज तिथंच बसू लागला. सोळाव्या की सतराव्या दिवशी, त्या मौनाच्या मध्यावर, जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात शांतिनाथ उभे राहिले. हातात तो स्टीलचा डबा होता. दाढी वाढलेली. खांदे एखाद्या दुसऱ्याच, ठेंगण्या माणसाचे वाटत होते. ते सरळ कृष्णातसमोर आले. आजूबाजूला माणसं आहेत हे त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.

"एकच इचारायचं हाय," ते म्हणाले. "माझ्या नेमानं गेला का त्यो?"

कृष्णातनं वर पाहिलं. गोळी अर्धी विरघळली होती. त्यानं ओठ उघडले नाहीत. शांतिनाथांनी पुन्हा विचारलं. मग त्यांची नजर फिरली, बाकावरच्या एकेका मिटलेल्या तोंडावरून, एकेका खाली घातलेल्या मानेवरून, आणि पुन्हा कृष्णातच्या तोंडावर येऊन थांबली. आहाराच्या वेळचं मौन ज्यांनी जन्मभर पाहिलं होतं, त्यांना हे मौन ओळखायला वेळ लागला नाही.

"तुमीबी घेतासा?"

कृष्णातनं मान हलवली.

"कवापास्नं?"

त्यानं दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं उघडली.

शांतिनाथ त्या बोटांकडे पाहत राहिले. मग बाकावर, त्याच्याच शेजारी, जागा होती तिथं बसले. डबा मांडीवर ठेवला. खाली वर्गातली मुलं कसलंसं समीकरण पाठ म्हणत होती. उरलेली तीन मिनिटं त्या खोलीत कुणी हाललं नाही.

स्वप्नालीनं खूण केली. माणसं उठून एकेक करत गेली. कृष्णात उठला नाही. तो म्हणाला, "त्या दिशी तुमच्या ताटावर बसून खोटं बोललो, आण्णा. त्येनं आयकलं ते. त्येला ठावं हुतं मी घेतो ते."

"माझं अन्न खाल्लासा," शांतिनाथ म्हणाले. आवाज चढला नाही. "एक शबूद बोलला आसता, तर मी स्वता महाराजांच्या फुडं जाऊन नेम परत मागितला आसता. काय झालं आसतं? प्राचित्त दिलं आसतं. चार उपास केलं आसतं मी." ते थांबले. "मी त्येच्या वाटचं कायशुद्धी म्हटलं, आन् तुमी माझ्यासंगं सगळं सोडलं म्हटलासा. मधी पोरगं मुकंच ऱ्हायलं."



शांतिनाथांनी डबा उघडला. दोन डब्यांतली औषधं रोजच्या हिशेबानं कमी झालेली होती. एकादशीच्या रात्रीपासून शेवटच्या सकाळपर्यंत एकही खाडा नव्हता. मागितलेलं पहिलं वचन सम्मेदनं पाळलं होतं. तिसऱ्या, तारखा लिहिलेल्या पाकिटात सात गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"ही काविळीची न्हवं?" त्यांनी एका डबीवर बोट ठेवलं. कृष्णात हो म्हणाला. "आन् ही?"

"ती कशाची ते कुणाला सांगू नगा म्हणून त्येनं मला सांगितलंय."

शांतिनाथांनी ती डबी हातात घेतली. ओल्या धोतरात उभा राहिलेला, एका शब्दाशी अडलेला मुलगा त्यांना दिसत असावा. मग त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाले. पाकीट तेवढं त्यांनी स्वप्नालीपुढे धरलं. ह्या सात कुणाच्या तरी कामी येतील, म्हणाले.

स्वप्नालीनं मान खाली घातली. घरी जाऊन आलेली गोळी दुसऱ्याला देता येत नाही, हे तिनं त्यांना हलक्या आवाजात सांगितलं. ती पाण्यात विरघळवून टाकायची, वहीत लिहायचं, आणि साक्षीदाराची सही घ्यायची.

"मी करतो सही," शांतिनाथ म्हणाले.

तिनं काचेच्या पेल्यात पाणी आणलं आणि एकेक करत सातही गोळ्या आत सोडल्या. त्या तळाशी जाऊन स्थिरावल्या. वही उघडून तिनं पेन पुढे केलं. पण त्यांनी ते हातात नुसतं धरून ठेवलं. इरगळल्याबिगर सही कशी करू, म्हणाले. किती वेळ लागतो ते विचारलं.

"सात-आट मिनिटं, आण्णा," कृष्णात म्हणाला.

ते दोघे बाकावर शेजारी शेजारी बसले आणि पेल्याकडे पाहू लागले. गोळ्यांच्या कडा हळूहळू सुटत होत्या. तारखा पाकिटावरच राहिल्या होत्या. पाणी ढवळायला कुणी हात पुढे केला नाही, आणि ते पूर्ण पांढुरकं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही बोललं नाही.